अर्धवेळ सल्लागाराने तासाचा दर कसा काढावा: मशीन अवर रेटची पद्धत

भोसरी, चाकण, अंबड, वाळूज, गोकुळ शिरगाव, कुठल्याही एमआयडीसीत जा. पाच-सात मशीनवाल्या वर्कशॉपच्या मालकाला झोपेतून उठवून व्हीएमसीचा (संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनचा) तासाचा दर, म्हणजे मशीन अवर रेट, विचारला तरी तो आकडा सांगेल. त्या आकड्यात मशीनचा हप्ता असतो, वीज, ऑपरेटर, टूलिंग, कूलंट असतं आणि मशीन रिकामं उभं राहतं तो वेळही धरलेला असतो. त्याच मालकाकडे शनिवारी सल्ला द्यायला जाणाऱ्या, मोठ्या कंपनीत पंधरा वर्षं क्वालिटीत काढलेल्या इंजिनिअरला दर विचारा. उत्तर येतं, "द्या काय ते समजून."

हा लेख त्या इंजिनिअरसाठी आहे. नोकरी चालू ठेवून आठवड्याला आठ-दहा तास सल्ल्याचं काम करायचंय, पहिला ग्राहक दारात उभा आहे आणि तासाचे किती सांगायचे ते कळत नाही, असे तुम्ही असाल तर खालच्या क्रमाने जा. उदाहरण वर्कशॉपला रिजेक्शन (तपासणीत नापास होणारा माल), फिक्स्चर (मशीनवर नग धरून ठेवणारं साधन) आणि कागदपत्रांत मदत करणाऱ्या इंजिनिअरचं घेतलंय. डिझाइन, अकाउंटिंग सॉफ्टवेअर किंवा ईआरपीवाल्यांनी आकडे बदलावेत, रीत तीच.

१. आधी नेमणूकपत्र उघडा

दराचा विचार नंतर. कपाटातलं नेमणूकपत्र काढा आणि तीन गोष्टी शोधा: दुसरं काम करण्यावर बंदी आहे का, लेखी परवानगीची सोय आहे का, आणि तुम्ही केलेल्या कामाच्या मालकीबद्दल काय लिहिलंय. बहुतेक खाजगी कंपन्यांच्या पत्रात "पूर्वपरवानगीशिवाय अन्य व्यवसाय करणार नाही" अशा अर्थाची ओळ असते. सरकारी नोकरीत असाल तर वर्तणूक नियमांप्रमाणे आधी मंजुरी घ्यावीच लागते.

सगळ्यात घातक सापळा मात्र हितसंबंधांचा. तुम्ही ज्या कंपनीत नोकरी करता तिचाच पुरवठादार तुमचा ग्राहक असेल, तर ते काम घेऊ नका. दर कितीही चांगला असो, परवानगी मिळणार असं कुणीही सांगो. उद्या त्या पुरवठादाराचा लॉट तुमच्याच इनकमिंगला, म्हणजे आलेल्या मालाच्या तपासणीला, अडला, की तुम्ही दोन्हीकडून संशयित. कंपनीचा लॅपटॉप, कंपनीचा ईमेल, कंपनीचे ड्रॉइंग फॉरमॅट या कामाला वापरायचे नाहीत. स्वतःचा लॅपटॉप नसेल तर आधी तो घ्या. त्याचा खर्च पुढे दरात येणारच आहे.

२. हाताशी काय ठेवायचं

- पॅन. पॅन दिला नाही तर ग्राहकाला २० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापावा लागतो.
- आधार आणि त्याला जोडलेला मोबाइल. उद्यम नोंदणीला (सूक्ष्म-लघु उद्योगांच्या सरकारी नोंदणीला) हे लागतं आणि ती फुकट आहे. "नोंदणी करून देतो, दोन हजार द्या" म्हणणाऱ्या एजंटांकडे जाऊ नका.
- वेगळं बचत खातं. पगाराच्या खात्यात सल्ल्याचे पैसे मिसळले की मार्चमध्ये स्टेटमेंट घेऊन बसावं लागतं.
- मागच्या बारा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि सीटीसीचं (कंपनीला तुमच्यावर वर्षाला पडणाऱ्या एकूण खर्चाचं) पत्र.
- बिलाचा नमुना, कोटेशनचा नमुना आणि एकपानी करार.
- तासांची वही. अॅप वापरा, एक्सेल वापरा, शंभर पानी वही वापरा, पण काम संपल्यावर पाच मिनिटांत नोंद झाली पाहिजे. रविवारी आठवून लिहिलेले तास नेहमी कमी भरतात.

३. विकता येणारे तास मोजा

सगळी चूक इथे होते. मोठी माणसंही सीटीसी घेतात, भागाकार करतात आणि तोच दर सांगून मोकळी होतात. आपल्या उदाहरणात सीटीसी १५ लाख आहे. पाच दिवसांचा आठवडा, सुट्ट्या आणि रजा वगळून वर्षाचे साधारण २३५ दिवस, दिवसाचे साडेआठ तास, म्हणजे जवळजवळ २,००० तास. तासाला पडले ७५० रुपये. हा तुमच्या नोकरीतल्या तासाचा दर झाला. त्या तासाला कँटीन, पीएफ, विमा, पगारी रजा आणि महिनाअखेरीला न मागता मिळणारा पगार चिकटलेला असतो. सल्ल्याच्या तासाला यातलं काहीही चिकटलेलं नाही.

आता तुमचं "मशीन" वर्षात किती तास खरोखर चालू शकतं ते बघा. शनिवारचे सहा तास आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी दोन-दोन, एकूण दहा. (पिंपरी-चिंचवड पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे शनिवार-रविवारी तिथला शॉप फ्लोअर चालू सापडतो. अर्धवेळवाल्याला हे फार सोयीचं.) ५२ आठवडे धरू नका. गणपती, दिवाळी, घरातली दोन लग्नं, तुमच्या स्वतःच्या कंपनीतलं ऑडिट, मार्चएंड आणि एखादं आजारपण यांत आठ आठवडे सहज जातात. उरले ४४ आठवडे, म्हणजे ४४० तास.

या सगळ्या ४४० तासांचं बिल होत नाही. वर्षभरात साधारण हे जातात:

- प्रवास: ७० तास
- फोन आणि व्हॉट्सअॅप, "सर, एकच मिनिट": ४० तास
- कोटेशन आणि पहिल्या भेटी, त्यातल्या निम्म्या फुकट: २५ तास
- बिलं आणि वसुलीचे फोन: २० तास
- वाचन, नवीन स्टँडर्ड समजून घेणं: २५ तास

बेरीज १८०. बिल करता येणारे तास उरले २६०. दर या २६० वर काढायचा. ४४० वर काढलात तर दर सोमवारी दमून कामावर जाल आणि वर्षाअखेरीला हातात पेट्रोलच्या पावत्या उरतील.

तुमचा आकडा वेगळा येईल. पहिले तीन महिने वही नीट लिहा आणि मग हे कोष्टक पुन्हा भरा. पहिल्या वर्षी बिलाचे तास एकूण तासांच्या साठ टक्क्यांवर धरू नयेत.

४. खर्च मांडा

वर्षाचा खर्च, उदाहरणादाखल:

- लॅपटॉप ७०,००० रुपयांचा, चार वर्षं चालेल असं धरून: १७,५००
- सॉफ्टवेअरची वर्गणी: ८,०००
- फोन आणि इंटरनेटचा या कामापुरता वाटा: ९,०००
- पेट्रोल, टोल, गाडीची सर्व्हिस: २४,०००
- सीए: ८,०००
- व्हर्नियर-मायक्रोमीटरचं कॅलिब्रेशन, छपाई, सेफ्टी शूज वगैरे: ६,०००
- स्टँडर्ड, पुस्तकं, एखादा कोर्स: ७,५००

एकूण ८०,०००. यात घरभाडं घालू नका, घराच्या विजेचं बिल घालू नका. ते पगारातून चाललंच आहे आणि अर्धवेळ कामावर त्याचं ओझं टाकलं की दर उगाच फुगतो.

५. तळ आणि बोली, दोन वेगळे आकडे काढा

तळाचा दर असा निघतो. तुमच्या ४४० तासांना निदान नोकरीइतकी किंमत मिळालीच पाहिजे: ४४० गुणिले ७५० म्हणजे ३,३०,०००. त्यात खर्चाचे ८०,००० मिळवा, झाले ४,१०,०००. भागिले २६०, तासाला १,५७७. आता एक गोष्ट मान्य करा की दर वर्षी दहातलं एक बिल बुडतं, अर्धवट येतं किंवा इतकं उशिरा येतं की ते आल्याचा आनंद होत नाही. म्हणून १,५७७ ला ०.९ ने भागा: १,७५२. तळ धरा १,७५०. याच्या खाली काम घेतलंत तर तुम्ही ग्राहकाला पदरचे पैसे देऊन सल्ला देताय.

बोलीचा दर वेगळा. तुम्ही विकताय ते तास दिवसभराच्या नोकरीनंतरचे आहेत. कारखान्यात त्याला ओव्हरटाइम म्हणतात आणि ओव्हरटाइमला दुप्पट पगार द्यायचा हे कायद्यातच आहे. तोच न्याय स्वतःला लावा. ४४० गुणिले १,५०० म्हणजे ६,६०,०००, अधिक ८०,०००, भागिले २६०, म्हणजे २,८४६, भागिले ०.९, म्हणजे ३,१६२. तोंडाने सांगायचा दर ३,०००. घासाघीस होऊन बहुतेक कामं २,५०० च्या आसपास ठरतील, आणि ते ठीक आहे. तळ आणि बोली यांच्यात अंतर ठेवायचं कारण हेच. एकच आकडा काढून गेलात की शेठजींनी "बघा ना काहीतरी" म्हटल्याबरोबर तुम्ही थेट तोट्यात उतरता.

तळाचा आकडा कुणालाही सांगू नका. बायकोला सांगितलात तर हरकत नाही. घरचा हिशोब तिलाही करायचाय.

६. तोच आकडा ग्राहकाच्या बाजूने तपासा

तुमचा खर्च ग्राहकाला दिसत नाही, त्याला स्वतःचा तोटा दिसतो. म्हणून दर सांगण्याआधी त्याच्या रिजेक्शनचा हिशोब मांडून बघा.

समजा एक ब्रॅकेट महिन्याला ५०,००० नग निघतो आणि ४ टक्के रिजेक्ट होतो. म्हणजे २,००० नग. भंगाराचे पैसे वजा जाता नगामागे ४५ रुपये बुडतात, महिन्याचे ९०,०००. तुमच्या कामाने रिजेक्शन २ टक्क्यांवर आलं तर त्याचे महिन्याला ४५,००० वाचतात. तुमचे २० तास, २,५०० ने, ५०,०००. सव्वा महिन्याच्या आत वसूल. असा हिशोब कागदावर मांडला की ३,००० चा आकडा ऐकून डोळे विस्फारत नाहीत.

हाच हिशोब उलटाही निघतो. समजा ग्राहकाचा महिन्याचा तोटा दहा हजारांचाच आहे आणि काम चाळीस तासांचं आहे. तिथे तुमचा कुठलाही दर त्याला परवडणार नाही. सरळ तसं सांगा आणि एका भेटीत जेवढं सांगता येईल तेवढं सांगून या. असे ग्राहक पुढे मोठं काम घेऊन परत येतात.

रिजेक्शन दोन टक्क्यांवर आणून देईनच, असा शब्द मात्र देऊ नका. मटेरियल बदलणं, ऑपरेटर टिकवणं, मशीनचा बॅकलॅश (झिजेमुळे आलेला ढिलेपणा) काढणं तुमच्या हातात नसतं. तास विका, निकालाची हमी विकू नका.

७. तास म्हणजे किती मिनिटं, हे लिहून ठेवा

भांडणं दरावरून क्वचित होतात. तास कसा मोजला यावरून होतात. कोटेशनमध्ये हे नियम घाला:

मोजणी १५ मिनिटांच्या टप्प्याने. सोळा मिनिटं झाली तर अर्धा तास.

शॉप फ्लोअरवरच्या भेटीला किमान ३ तासांचं बिल. "अर्धा तास येऊन जा हो" या वाक्यामागे कधीच अर्धा तास नसतो. चहा होतो, मग मशीन बंद असतं, मग ज्याने सेटिंग केलं तो ऑपरेटर जेवायला गेलेला असतो.

फोन: दहा मिनिटांपर्यंत फुकट, महिन्याला तीन वेळा. त्यापुढे मोजणी. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो बघून उत्तर लिहायला वीस मिनिटं लागली तर तीही वहीत लिहा. फुकट सोडायची असतील तर बिलात दाखवून "सवलत" लिहून सोडा. न दाखवता दिलेली सवलत पुढच्या महिन्यात हक्क बनते.

प्रवासाचे दोन मार्ग आहेत, एकच निवडा. पहिला वरच्या हिशोबासारखा, प्रवास दरातच धरलेला. दुसरा, भेटीमागे ठरावीक प्रवासाकार. दुसरा घेतलात तर तिसऱ्या पायरीतले ७० तास आणि चौथ्या पायरीतले पेट्रोलचे २४,००० काढून टाका. तळ १,७५० वरून साधारण १,४२५ वर येतो, आणि वर्षाला तीस भेटी होणार असतील तर भेटीमागे प्रवासाकार २,५५० पडतो. सिंहगड रोडवर राहून चाकणचं काम घेणाऱ्याने दुसरा मार्ग घ्यावा, कारण संध्याकाळी जाऊन-येऊन तीन तास हा हा म्हणता जातात. घराजवळचेच ग्राहक असतील तर पहिला बरा, बिल सुटसुटीत राहतं. दोन्ही एकदम लावले तर चाणाक्ष मालक पकडतो आणि मग बाकीच्या आकड्यांवरही त्याचा विश्वास राहत नाही.

८. तासावर, ठोक की मासिक

दोष शोधायचा आहे आणि कारण माहीत नाही, अशा कामाला तासाचाच दर. वरची मर्यादा मात्र घाला: "१५ तासांपर्यंत, त्यापुढे तुमच्या होकाराशिवाय नाही." यामुळे ग्राहकाची धडधड थांबते.

काय द्यायचं ते पक्कं माहीत असेल, जसं आयएसओ ९००१ (गुणवत्ता व्यवस्थापनाचं मानक) ची कागदपत्रं किंवा एका फिक्स्चरचं ड्रॉइंग, तर ठोक घ्या. अंदाज ४० तासांचा असेल तर १.३ ने गुणा, ५२ तास. गुणिले २,५००, म्हणजे १,३०,०००. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या त्यात, तिसरी तासाने. ठोक कामाचे पैसे तीन टप्प्यांत: ४० टक्के आगाऊ, ४० टक्के पहिला मसुदा दिल्यावर, २० टक्के शेवटी. शेवटचा टप्पा लहान ठेवायचा, कारण तोच सगळ्यात जास्त लटकतो.

ठोक कामातही तासांची वही चालूच ठेवा. ५२ धरले आणि ७५ लागले हे कळलं तरच पुढचं कोटेशन सुधारेल.

मासिक बांधणी जुन्या ग्राहकाशीच करा. महिन्याला ८ तास, दहा टक्के सवलत, म्हणजे १८,००० रुपये, महिन्याच्या ५ तारखेच्या आत आगाऊ. न वापरलेले तास फक्त पुढच्या एका महिन्यात चालतील, हे वाक्य विसरलात तर दिवाळीनंतर कुणीतरी साठलेले चाळीस तास एकदम मागायला येईल.

९. दर सांगताना

आधी काम ऐका, मग लेखी सांगा. फोनवर तोंडातून निघालेला पहिला आकडा कायमचा डोक्यात बसतो. "उद्या संध्याकाळपर्यंत पाठवतो" म्हणा आणि खरंच पाठवा. मजकूर एवढा पुरे:

"नमस्कार शेठ. कालच्या बोलण्याप्रमाणे ब्रॅकेटच्या होल पोझिशनचं रिजेक्शन. पहिल्या टप्प्यात दोन भेटी आणि मोजमापांचा अभ्यास, अंदाजे १२ ते १५ तास. दर तासाला ३,०००, १५ मिनिटांच्या टप्प्याने, भेटीला किमान ३ तास. प्रवास दरात धरलेला. १५ तासांच्या वर तुम्हाला विचारूनच. १५,००० आगाऊ, उरलेले बिलापासून १५ दिवसांत. हा दर ३० दिवस लागू. चालत असेल तर इथेच 'ठीक' लिहा, मी शनिवार धरतो."

त्यावर ठरलेलं उत्तर येतं: "साहेब, तासाला तीन हजार? माझा ऑपरेटर महिनाभर राबून वीस हजार घेतो." रागावू नका, ऑपरेटरशी तुलनाही करू नका. विचारा, "तुमच्या व्हीएमसीचा तासाचा दर काढताना ती रिकामी उभी राहते तो वेळ धरता ना? मीही तेच केलंय." एवढ्यावर बहुतेक मालक हसतात, कारण हा हिशोब ते रोज त्यांच्या ग्राहकासमोर मांडतात आणि रोज त्यात मार खातात.

दर कमी करायची वेळ आलीच तर बदल्यात काहीतरी घ्या. २,५०० करतो, पण निम्मे पैसे आगाऊ. किंवा २,५०० करतो, पण मोजमापं तुमचा माणूस घेईल आणि शीट भरून पाठवेल. काहीही न घेता पाचशे सोडले की पहिला आकडा खोटा होता असा अर्थ निघतो.

ओळखीतलं काम हा वेगळाच त्रास आहे. मेव्हण्याच्या मित्राला अर्धा दर लावला की तो अर्धा दर त्याच्या अख्ख्या असोसिएशनला कळतो. ओळखीत दर तोच ठेवा. पहिली भेट फुकट द्या.

१०. कर: दरात काय धरायचं आणि काय नाही

टीडीएस. व्यावसायिक फीवर १० टक्के. एका ग्राहकाकडून वर्षाला ५०,००० पर्यंतच्या रकमेवर कापत नाहीत. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासूनची, आधी ती ३०,००० होती. लहान मालकी वर्कशॉपना बऱ्याचदा टीडीएस कापणं बंधनकारक नसतं, कंपन्यांना असतं. कापलेला टीडीएस हा खर्च नाही, तो तुमच्या नावावर जमा होतो. दर तिमाहीनंतर २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचा तक्ता) उघडून बघा. कापलाय पण भरला नाही असं निघालं तर लगेच फोन करा, वर्षाअखेरीपर्यंत थांबू नका. प्रवासखर्च फीच्याच बिलात टाकला तर टीडीएस पूर्ण रकमेवर कापला जातो, हेही ध्यानात ठेवा.

आयकर. इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, अकाउंटन्सी, कायदा, वैद्यक, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट अशा ठरावीक व्यवसायांना जमेच्या निदान ५० टक्के उत्पन्न धरून कर भरायची सोय आहे, जिला सगळे "४४एडीए" म्हणतात. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदललेत, पण सीएच्या ऑफिसात तोंडी अजून जुनाच आकडा चालतो. ही सोय घेतली की पेट्रोल, लॅपटॉप वेगळे दाखवता येत नाहीत. "कन्सल्टंट" असं नुसतं लिहिल्याने कुणी या यादीत बसत नाही. मार्केटिंग किंवा मनुष्यबळाचा सल्ला देणाऱ्यांनी हे धरून चालू नये.

आकड्यात बघा. २६० तास, २,५०० ने, जमा ६,५०,०००. करपात्र ३,२५,०००. पगाराचं करपात्र उत्पन्न १३,५०,००० असेल तर हे त्याच्यावर चढतं. नव्या करप्रणालीत २०२५-२६ च्या दरांनी १६ लाखांपर्यंतच्या अडीच लाखांवर १५ टक्के, वरच्या ७५,००० वर २० टक्के, अधिक ४ टक्के उपकर. एकूण ५४,६००. बिलाच्या तासामागे २१० रुपये. सगळ्यांनी दहा टक्के कापले असते तर ६५,००० आधीच जमा झाले असते. पण लहान वर्कशॉप कापत नाहीत, म्हणून प्रत्येक बिलातले दहा टक्के वेगळ्या खात्यातच पडू द्या. टीडीएस वजा जाता १०,००० किंवा जास्त कर निघत असेल तर आगाऊ कर भरावा लागतो. ५० टक्क्यांची सोय घेणाऱ्याला तो १५ मार्चपर्यंत एकरकमी चालतो.

जीएसटी. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेल्याशिवाय महाराष्ट्रात आणि गोव्यात नोंदणीची सक्ती नाही. पगार त्यात मोजत नाहीत. अर्धवेळवाला तिथे पोचत नाही. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावायचा नाही, कुणी कितीही म्हणो. मोठ्या कंपनीने नंबर मागितला म्हणून स्वेच्छेने नोंदणी केलीत तर दर सांगताना "अधिक जीएसटी" हे दोन शब्द गाळू नका. "सगळं धरून ३,०००" म्हटलंत की १८ टक्के जाऊन हातात २,५४२ उरतात. नोंदणीबरोबर विवरणपत्रंही येतात आणि सीएची फी वाढते. चौथी पायरी पुन्हा भरा.

११. बिल आणि वसुली

बिल महिन्याच्या शेवटच्या दिवशी, सोबत तासांचा तक्ता: तारीख, वेळ, काम, तास. कामाच्या रकान्यात "सल्ला" लिहू नका. "ओपी-२० फिक्स्चरची लोकेटिंग पिन तपासली, ०.०८ झीज, बदलायला सांगितली" असं लिहा. असं बिल वाचल्यावर पैसे अडवायला कारण सापडत नाही.

उद्यम नोंदणीचा नंबर बिलावर छापा. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. शिवाय मुदतीत पैसे न दिल्यास ग्राहकाला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा करता येत नाही. ही शेवटची गोष्ट मालकापेक्षा त्याच्या अकाउंटंटला जास्त टोचते, म्हणून आठवणीचा फोन फेब्रुवारीत अकाउंटंटलाच करा. याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे थकलेल्या पैशांची तक्रार करता येते, पण त्या ग्राहकाचं काम तिथे संपलं असं समजूनच करा.

दोन बिलं थकली की तिसरी भेट नाही. हे आधीच कोटेशनमध्ये लिहिलेलं असलं की सांगायला जीभ अडखळत नाही.

१२. दर कधी वाढवायचा

दर वर्षी १ एप्रिलला, कारण वर्कशॉपचे दरही त्याच सुमारास बदलतात. जुन्या ग्राहकाला फेब्रुवारीच्या शेवटी लेखी कळवा. नव्या ग्राहकाला वाढीव दर लगेच लावा, त्यासाठी एप्रिलची वाट बघायची गरज नाही.

लागोपाठ पाच कोटेशनना कुणीही कुरकुर न करता होकार दिला, तर दर कमी आहे. पुढचं कोटेशन १५ टक्क्यांनी वाढवून पाठवा. पाचातली चार परत आली तर आधी सहावी पायरी पुन्हा करा. बऱ्याचदा दर बरोबर असतो आणि ग्राहकाचं दुखणं लहान असतं.

आणि शनिवार तीन महिने आधीच भरलेले असतील, तर सगळ्यात कमी दराच्या ग्राहकाला नव्या दराचं पत्र पाठवा. तो गेला तर एक शनिवार मोकळा झाला. राहिला तर नव्या दराने राहिला.